आनंदाचे धर्मगुरु संत फिलिप नेरी



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा हा मंगल प्रसंग आहे. अशा वेळीं पूर्वजांच्या कष्टांची आठवण होते, देवाचे आभार मानावेसे वाटतात आणि घरोघरीं आनंद नांदूं लागतो. परंतु पताका उतरल्या, मांडव सुटला आणि वाजंत्री आपल्या गांवीं परतले, म्हणजे हा आनंद कोठें जातो? दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून शेतावर, कारखान्यांत किंवा कचेरींत जाणाऱ्या मनुष्याच्या वांट्याला त्यांतला किती उरतो? उत्सव संपतांच जो संपतो तो आनंद आपल्याला फार दिवस पुरणार नाहीं. जो रोजच्या कामांत टिकतो, आजारपणांत टिकतो, अपमान झाला तरी टिकतो, तो आनंद कोठें मिळतो हें एकदां कोणा जाणत्याला विचारून घेतलें पाहिजे.

पवित्र ख्रिस्तसभेंत अशा जाणत्यांची उणीव नाहीं. परंतु त्यांच्यांत एक साधु असे होऊन गेले, कीं आनंद हीच त्यांची ओळख होऊन बसली. ते म्हणजे रोम शहराचे प्रेषित म्हणून प्रसिद्ध असलेले संत फिलिप नेरी. दोन ज्युबिली वर्षांत त्यांनीं यात्रेकरूंची सेवा केली, म्हणून ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत त्यांचें स्मरण उचित आहे. शिवाय त्यांच्या चरित्राचा एक धागा आपल्या देशाशींहि जोडलेला आहे. तो पुढें यथाक्रम उलगडेल.

फिलिप यांचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ता. २१ जुलै १५१५ रोजीं झाला. त्यांचे वडील फ्रान्सिस्को नेरी हे दस्तऐवज करून देण्याचा धंदा करीत. कुळ चांगलें, परंतु पैका बेताचा. आई लवकर वारली आणि घरांत सावत्र आई आली. सावत्रपणाच्या ज्या कथा आपण ऐकतों त्यांतलें येथें कांहीं घडलें नाहीं; त्या माउलीनें मुलावर पोटच्या मुलासारखी माया केली. मुलगा स्वभावानें इतका गोड, कीं लोक त्याला भला पिप्पो म्हणून हांक मारीत. एकदां तो एका बहिणीबरोबर स्तोत्रें म्हणत असतां दुसरी बहीण मध्यें मध्यें व्यत्यय आणूं लागली, तेव्हां त्यानें तिला हातानें जरा बाजूला लोटलें. चरित्रकारांना त्याच्या बाळपणचा सांगण्याजोगा अपराध काय तो एवढाच सांपडला. आणि तेवढ्यासाठींहि त्या मुलानें पुष्कळ अश्रु ढाळले. फ्लॉरेन्समधील संत मार्क यांच्या मठांत डॉमिनिकन संन्यासी राहत. धर्माचे पहिले धडे फिलिप यांना त्यांच्याकडून मिळाले, आणि तो उपकार त्यांनीं म्हातारपणींहि वारंवार बोलून दाखविला.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनीं त्यांना दक्षिणेकडे सान जेर्मानो ह्या गांवीं रोमोलो नांवाच्या नातलगाकडे पाठविलें. हा नातलग सधन व्यापारी होता. त्याला मूलबाळ नव्हतें, आणि आपल्यामागें सर्व व्यवहार फिलिप यांच्या हातीं द्यावा असा त्याचा विचार होता. दुसरा कोणी असता तर त्यानें आपलें नशीब उघडलें म्हणून देवाचे आभार मानले असते. फिलिप यांनीं काम पाहिलें, समुद्रकांठीं गायेता येथें दुभंगलेल्या डोंगरावर एक लहानसें देवालय आहे तेथें बसून पुष्कळ विचार केला, आणि नातलगाचा निरोप घेतला. धंदा वाईट नव्हता, नातलगहि वाईट नव्हता; पण ज्यानें मन भरावें तें तेथें नव्हतें. हातीं पैसा न घेतां ते रोमच्या वाटेला लागले.

त्या वेळचें रोम हें आजच्या यात्रेकरूला दिसणारें रोम नव्हे. इ. स. १५२७ मध्यें बादशहा पांचवा चार्ल्स याच्या बेबंद फौजेनें तें शहर लुटून उद्ध्वस्त केलें होतें. लोक धास्तावलेले होते, आणि धर्माधिकाऱ्यांच्या आचरणांतहि पुष्कळ ढिलाई शिरली होती. रडगाणें गाणारे अनेक होते. दोष देणारे त्याहून अधिक होते. फिलिप यांनीं यांतलें कांहीं केलें नाहीं. गालेओत्तो काच्चा नांवाच्या एका फ्लॉरेन्सकर गृहस्थाच्या घरीं त्यांना एक लहानशी खोली मिळाली. त्याच्या दोन मुलांना शिकवावें आणि त्याबद्दल वर्षाला ठराविक धान्य घ्यावें, असें ठरलें. तें धान्य ते पाववाल्याला देत आणि त्याच्याकडून रोजचा एक पाव घेत. पाव, थोडीं ऑलिव्हचीं फळें आणि पाणी, एवढाच त्यांचा आहार. मग त्यांनीं तत्त्वज्ञानाचा व ईश्वरविद्येचा अभ्यास केला. परंतु कांहीं वर्षांनीं पुस्तकें विकून आलेला पैसा गरिबांना वांटून टाकला. रात्रीं ते शहराबाहेर संत सेबास्तियन यांच्या देवळाखालील भुयारी स्मशानांत जात आणि आद्य ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांमध्यें एकटेच प्रार्थना करीत बसत.

इ. स. १५४४ मध्यें पेन्टेकॉस्टच्या सणाच्या वेळीं त्याच भुयारांत एक विलक्षण गोष्ट घडली. पवित्र आत्म्याची विनवणी चालली असतां एक अग्नीचा गोळा मुखावाटे आपल्या हृदयांत उतरला असा त्यांना अनुभव आला, आणि देवाच्या प्रीतीनें ते इतके व्याकुळ झाले, कीं जमिनीवर कोसळले. त्या दिवसापासून त्यांचें हृदय असें धडधडे, कीं जवळ बसलेल्यालाहि तें जाणवे. मृत्यूनंतर वैद्यांनीं त्यांचा देह तपासला, तेव्हां हृदयाजवळच्या दोन बरगड्या मोडून बाहेरच्या बाजूस वांकलेल्या आढळल्या. ह्या गोष्टीचा वैद्यशास्त्राला काय अर्थ लावावयाचा असेल तो लावो. आपल्यासाठीं त्यांतला बोध सरळ आहे. पुढें ज्या हंसऱ्या स्वभावासाठीं फिलिप प्रसिद्ध झाले, तो स्वभाव म्हणजे नुसती विनोदाची आवड नव्हे. भुयारांतल्या त्या मूक रात्रींमध्यें त्याचें मूळ आहे.

असा प्रसाद मिळाल्यावर मनुष्यानें रानांत जाऊन राहावें असें आपल्याला वाटेल. फिलिप बाजारांत गेले. पेढ्यांवर, दुकानांत, चौकांत ते उभे राहत. कारकुनांशीं, कारागिरांशीं, उनाड पोरांशीं गप्पा मारीत. त्यांच्या बोलण्यांत उपदेशाचा वास नसे. पण गोष्टी रंगांत आल्या, कीं आतां चांगल्या कामाला आरंभ कधीं करावयाचा, असें ते हंसत हंसत विचारीत. आणि जो तयार होई त्याला घेऊन तडक रुग्णालयांत जात. तेथें त्या गृहस्थाच्या हातीं झाडू देत, रोग्याचें अंथरूण घालावयास लावीत, दुबळ्याला घांस भरवावयास सांगत. संत इग्नाशियस लोयोला त्या काळीं रोममध्यें होते. फिलिप यांच्यामुळें पुष्कळ तरुण संन्यासी झाले, स्वतः फिलिप मात्र बाहेरच राहिले. म्हणून संत इग्नाशियस त्यांना मौजेनें घंटेची उपमा देत. घंटा सर्वांना देवळांत बोलावते आणि आपण मनोऱ्यांतच राहते.

इ. स. १५४८ मध्यें आपले आत्मिक गुरु पेर्सियानो रोसा यांच्या साहाय्यानें फिलिप यांनीं पवित्र त्रैक्याच्या नांवानें एक बंधुसंघ उभारला. त्याचे पहिले सभासद अगदीं साधीं माणसें होतीं. पुढें इ. स. १५५० चें ज्युबिली वर्ष आलें. दूरदूरच्या देशांतून हजारों यात्रेकरू पायीं चालत रोमला येत. त्यांतले कित्येक थकलेले, आजारी आणि निष्कांचन असत. त्यांना उतरावयास जागा नव्हती, विचारणारें कोणी नव्हतें. ह्या लहानशा बंधुसंघानें त्यांना आसरा दिला. पाय धुणें, जेवण वाढणें, अंथरूण घालणें, आजाऱ्याची शुश्रूषा करणें, हें सर्व सभासद स्वतः करीत. इ. स. १५७५ च्या ज्युबिलींत तर हें काम एवढें वाढलें, कीं मोठमोठे सरदार आणि कार्डिनल कमरेला फडकें बांधून यात्रेकरूंचे पाय धुण्यास येत. ज्युबिलीच्या झगमगाटामागें कोणी तरी पाणी तापवीत असतें आणि कोणी तरी भांडीं घांशीत असतें. फिलिप यांनीं आपल्यासाठीं ती जागा निवडली होती.

धर्मगुरु होण्याची आपली योग्यता नाहीं असें त्यांचें ठाम मत होतें. परंतु फादर रोसा यांनीं आज्ञा केली, आणि ता. २३ मे १५५१ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. संत जेरोम यांच्या देवळाशेजारीं ते राहूं लागले. तेथें आरंभींच त्यांच्या सहनशीलतेची परीक्षा झाली. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या दोन इसमांनीं त्यांना छळण्याचा जणूं विडाच उचलला होता. ते मिस्सेचीं वस्त्रें लपवून ठेवीत, नाहीं तर फाटकीं काढून देत. कधीं दार लावून घेत, कधीं तोंडावर वाईट बोलत. फिलिप यांनीं तक्रार केली नाहीं, जागाहि बदलली नाहीं. देवा, मला धीर दे, एवढेंच त्यांचें मागणें असे. पुढें एके दिवशीं त्यांतल्या एकानें फार अपमान केला, तेव्हां फिलिप यांची शांति पाहून दुसऱ्याचेंच अंतःकरण द्रवलें आणि तो त्यांच्या बाजूनें उभा राहिला. ज्यानें हा सारा छळ पाठीमागून चालविला होता तो गृहस्थहि कालांतरानें पायां पडला आणि त्यांचा शिष्य झाला.

आतां त्यांचें मुख्य काम सुरू झालें. पहांटेपासून ते पापनिवेदन ऐकावयास बसत. त्यांच्याकडे येणारा मनुष्य भीत भीत येई आणि हलका होऊन जाई. दुपारीं कांहीं तरुण त्यांच्या खोलींत जमत; तेथें वाचन, प्रश्नोत्तरें, प्रार्थना आणि गायन चाले. जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां देवळावरच्या माळ्यावर प्रार्थनागृह तयार केलें. त्यालाच ओरातोरियो म्हणत. जोव्हान्नी अनिमुच्चा यांच्यासारखे नामांकित संगीतकार तेथें गीतें रचून देत. आज पाश्चात्य संगीतांत ओरातोरियो नांवाचा जो प्रकार आहे, त्याचें नांव ह्या प्रार्थनागृहावरूनच पडलें.

त्याच प्रार्थनागृहांत हिंदुस्थानांतून आलेलीं पत्रें वाचलीं जात. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं गोव्याहून, दक्षिणेच्या कोळीवाड्यांतून आणि जपानाहून लिहिलेलीं तीं पत्रें होतीं. एक मनुष्य एवढें करतो आणि आपण येथें काय करीत बसलों आहों, असें ऐकणाऱ्यांना वाटे. फिलिप यांच्या मनांत तर ज्वाळा पेटली. इ. स. १५५७ च्या सुमारास सुमारें वीस सोबत्यांसह हिंदुस्थानांत जावें, आणि तेथेंच देह ठेवावा, असा त्यांनीं बेत केला. परंतु निघण्यापूर्वीं देवाची इच्छा जाणून घ्यावी म्हणून ते शहराबाहेर तीन झऱ्यांच्या मठांत एका वृद्ध संन्याशाकडे सल्ला विचारण्यास गेले. त्या साधूनें पुष्कळ प्रार्थना केली, आणि तुमचें हिंदुस्थान रोममध्येंच आहे, असा निर्णय सांगितला.

वाचकहो, ह्या ठिकाणीं क्षणभर थांबावें. ज्या मनुष्याचें वय चाळिशीच्या पुढें गेलें आहे, ज्याच्या मनांत एकच मोठी आशा जागी झाली आहे, आणि ती आशा शुद्ध आहे, त्याला सांगण्यांत येतें, कीं तूं होतास तेथेंच परत जा. तीच गल्ली, तीच खोली, तींच माणसें. अशा वेळीं चांगलीं माणसें कडवट होतात. कामें करीत राहतात. पण आपलें खरें जीवन दुसरीकडेच राहून गेलें, अशी खंत जन्मभर उराशीं बाळगतात. फिलिप परत आले, आणि दुसऱ्या दिवशीं पापनिवेदन ऐकावयास बसले. ह्यापुढें त्यांनीं रोम शहर कायमचें असें सोडलें नाहीं. दूरचे जीव त्यांना मिळाले नाहींत, म्हणून जवळचा प्रत्येक जीव त्यांना दूरच्या जिवाइतका मोलाचा वाटूं लागला. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणें त्यांच्या आनंदाचें रहस्य येथें आहे.

हा आनंद कांहीं सुखाच्या दिवसांवर उभा नव्हता. इ. स. १५५९ मध्यें त्यांच्यावर मोठें किटाळ आलें. फिलिप लोकांना घेऊन रोमच्या सात प्रमुख देवळांची यात्रा करीत. दिवसभराची ती पायपीट असे; वाटेंत स्तोत्रें म्हणत, एका बागेंत बसून पाव, अंडीं, चीज आणि थोडा द्राक्षरस असा फराळ करीत, आणि पुन्हां चालूं लागत. कार्निवालच्या दिवसांत शहर धिंगाण्यांत बुडालेलें असतां हे लोक गात गात देवळें फिरत. हळूहळू ही गर्दी फार वाढली. हा मनुष्य नवा पंथ काढीत आहे, त्याला मोठेपणा हवा आहे, अशा कागाळ्या झाल्या. रोमचा धर्मकारभार पाहणाऱ्या कार्डिनलांनीं त्यांना बोलावून कठोर शब्दांनीं खडसावलें, पंधरा दिवस पापनिवेदन ऐकण्याची मनाई केली आणि यात्राहि बंद केली. फिलिप यांनीं आज्ञा पाळली. शिष्य रागावले, तेव्हां त्यांनीं वरिष्ठांविरुद्ध एक शब्दहि बोलूं दिला नाहीं. थोड्याच दिवसांत ते कार्डिनल वारले, चौकशी झाली, आणि पोप चौथे पॉल यांनीं सर्व बंदी उठवून फिलिप यांच्याकडे भेट म्हणून मेणबत्त्या पाठविल्या. जो एरवीं हंसतो तो संकटांतहि खरोखर शांत राहतो कीं नाहीं, हें रोमकरांनीं त्या वेळीं डोळ्यांनीं पाहिलें.

माणसांचा स्वभाव ओळखण्यांत आणि ज्याचें त्याला काम नेमून देण्यांत त्यांचा हातखंडा होता. सेझारे बारोनियस नांवाचा एक तरुण कायद्याचा अभ्यास करण्यासाठीं रोममध्यें आला होता. स्वभाव गंभीर, किंबहुना उदास. प्रार्थनागृहांत त्याला बोलावयास सांगितलें, कीं मरण आणि नरक ह्यांवांचून त्याला विषय सुचत नसे. फिलिप यांनीं त्याला ख्रिस्तसभेच्या इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली. त्याला तें आवडलें नाहीं. पण आज्ञा ती आज्ञा. आरंभापासून आपल्या काळापर्यंतचा इतिहास त्यानें सांगितला, तो संपला तेव्हां पुन्हां पहिल्यापासून सांगावयास लावलें, आणि असें वर्षानुवर्षें चाललें. त्यांतूनच ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे बारा प्रचंड ग्रंथ निर्माण झाले. पहिला इ. स. १५८८ मध्यें छापला गेला, शेवटचा १६०७ मध्यें. ज्याला मरणावांचून दुसरें कांहीं दिसत नव्हतें त्याला आपलें काम सांपडलें, आणि त्या कामानें त्याची उदासी झाकून टाकली.

परंतु ह्या थोर पंडिताला फिलिप यांनीं स्वयंपाकघरांतून मोकळें केलें नाहीं. फादर मंडळी एकत्र राहूं लागल्यावर स्वयंपाकाची पाळी असे, आणि बारोनियस यांच्याकडे ती इतकी वारंवार येई, कीं आपण येथले कायमचे आचारी आहों, असें त्यांनीं थट्टेनें चुलीवरच्या भिंतीवर लिहून ठेवलें. विद्वान लोक भेटीस येत तेव्हां ते कमरेला फडकें बांधून भांडीं घांशीत असलेले आढळत. एकदां तर फिलिप यांनीं त्यांना एक भली मोठी बाटली देऊन अगदीं थोडा द्राक्षरस आणावयास पाठविलें. बाटली आधीं धुवून घ्यावी आणि सोन्याच्या नाण्याची मोड मागावी, असेंहि बजावलें. दुकानदारानें काय म्हटलें असेल त्याची कल्पना करावी. विद्येचा अभिमान हा आनंदाचा मोठा शत्रु आहे, हें गुरु जाणत होते. आपला अभिमान दुखावला म्हणून दुःखी होणारा मनुष्य दिवसांतून दहा वेळां दुःखी होतो; ज्याला अभिमानच नाहीं त्याचे ते दहा प्रसंग वांचतात.

हेंच औषध ते स्वतः अधिक मात्रेनें घेत. लोक त्यांना साधु म्हणून मान देऊं लागले, तेव्हां ते अर्धी दाढी काढून, अर्धी तशीच ठेवून रस्त्यानें गेले. मोठ्या लोकांची भेट ठरली असतां ते विनोदाचें पुस्तक मोठ्यानें वाचून घेत, म्हणजे पाहुण्यांनीं हा कोणी वेडगळ म्हातारा आहे असें समजून परत जावें. एका मठांतील भगिनीची साधुत्वाबद्दल ख्याति पसरली होती, आणि तिची परीक्षा करण्यास पोप महाराजांनीं त्यांना पाठविलें, अशी एक गोष्ट सांगतात. पावसांतून गेलेले फिलिप तिच्यापुढें पाय करून चिखलाचे बूट काढावयास सांगूं लागले. ती संतापली. फिलिप यांनीं परत येऊन कळविलें, कीं जेथें नम्रता नाहीं तेथें साधुत्व शोधण्याचें कारण नाहीं.

परनिंदेची खोड असलेल्या एका बाईची कथाहि प्रसिद्ध आहे. तिला त्यांनीं प्रायश्चित्त म्हणून कोंबडीचीं पिसें उपटीत रस्त्यानें चालावयास सांगितलें, आणि मग तीं सर्व पिसें गोळा करून आणण्याची आज्ञा केली. तें अशक्य आहे असें तिनें म्हणतांच, बोललेले शब्दहि तसेच परत येत नाहींत, हें त्यांनीं तिला समजाविलें. अशा रीतीनें, कठोर न होतां, ते दोष दाखवीत. मुलांवर तर त्यांचें फारच प्रेम. खोलीबाहेर पोरें आरडाओरडा करीत, भिंतीवर चेंडू आपटीत, शेजारी वैतागत. मुलें पापापासून दूर राहणार असतील तर माझ्या पाठीवर लाकडें फोडली तरी चालतील, असें फिलिप यांचें म्हणणें असे. जुगारांत सर्वस्व घालविलेला एक माजी शिपाई, कामिल्लुस दे लेल्लिस, त्यांच्याकडेच पापनिवेदन करी. पुढें तोच रोग्यांची सेवा करणाऱ्या संघाचा संस्थापक व संत झाला.

फिलिप यांच्याभोवतीं जमलेल्या धर्मगुरूंच्या मंडळाला इ. स. १५७५ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी यांनीं मान्यता दिली आणि सांता मारिया इन व्हाल्लिचेल्ला हें पडकें देऊळ त्यांच्या स्वाधीन केलें. त्या जागीं नवें विशाल देऊळ उभें राहिलें. फिलिप मात्र आपल्या जुन्या खोलींतून हालावयास तयार नव्हते. शेवटीं पोप महाराजांच्या आज्ञेनें इ. स. १५८३ मध्यें ते तेथें गेले, आणि जातांना शिष्यांनीं त्यांचीं जुनीं भांडींकुंडीं मिरवणुकीनें रस्त्यांतून नेलीं. कार्डिनलपद देऊं केलें, तें त्यांनीं हंसण्यावारीं नेलें. आपले बहुतेक लिखाण त्यांनीं मरणापूर्वीं जाळून टाकविलें. मागें नांव राहावें अशी त्यांची इच्छा नव्हती.

ता. २५ मे १५९५ हा ख्रिस्तशरीराचा सण होता. त्या दिवशीं फिलिप नेहमींपेक्षां अधिक प्रसन्न दिसत होते. त्यांनीं मिस्सा अर्पण केली, पापनिवेदनें ऐकलीं, भेटीस आलेल्यांशीं गोष्टी केल्या. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना एकाएकीं रक्ताची उलटी झाली. सर्व फादर भोंवतीं जमले. बारोनियस यांनीं शेवटचा आशीर्वाद मागितला. बोलण्याची शक्ति राहिली नव्हती, म्हणून फिलिप यांनीं डोळे उघडून हात वर केला, आणि ता. २६ रोजीं पहांटेपूर्वीं प्राण सोडला. त्यांना ऐंशी पुरीं होण्यास दोन महिने कमी होते. आदल्या दिवसापर्यंत ते आपल्या कामावर होते.

आतां तो धागा. ता. १२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं एकाच समारंभांत पांच जणांना संतपद दिलें. त्यांत फिलिप नेरी होते, आणि ज्यांच्या पत्रांनीं त्यांचें मन पेटलें होतें ते फ्रान्सिस झेवियरहि होते. एकाला समुद्र ओलांडावयास मिळाला, दुसऱ्याला गल्ली ओलांडावयास मिळाली. देवानें दोघांची मजुरी एकाच दिवशीं जाहीर केली. पुढें इ. स. १६८५ मध्यें, म्हणजे फिलिप यांच्या मरणानंतर नव्वद वर्षांनीं, जुन्या गोव्यांत कांहीं एतद्देशीय धर्मगुरूंनीं त्यांच्याच नियमांप्रमाणें ओरातोरियोची स्थापना केली. त्यांचे पुढारी बाणावलीस जन्मलेले फादर जोसेफ वाझ होते. इ. स. १६८७ मध्यें ते मजुराच्या वेशांत सिंहलद्वीपीं गेले, डच सत्तेच्या छळांत लपूनछपून तेथील ख्रिस्ती लोकांची सेवा केली, आणि ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी शहरीं निवर्तले. ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांना संतपद दिलें. ज्या फिलिप यांना हिंदुस्थानांत येऊं दिलें नाहीं, त्यांचें घर असें हिंदुस्थानांत आलें, आणि येथल्याच माणसांच्या पायांनीं पुढें गेलें. रोममध्यें राहून पापनिवेदन ऐकतांना त्यांना ह्याची कल्पनाहि नव्हती.

हें लिहिणाऱ्यानेंहि येथें एक कबुली दिली पाहिजे. सेमिनरींत असतां दूर देशीं मिशनकार्यास जावें अशी माझी फार हौस होती. वरिष्ठांनीं धर्मग्रामाचें काम दिलें. तें मीं केलें; पण पुष्कळ वर्षें, आपलें खरें काम दुसरीकडेच होतें, अशी रुखरुख मनांत ठेवून केलें. गळकें छप्पर, हिशेबाच्या वह्या, जमिनीच्या भांडणांचा निवाडा, जेवणाच्या वेळीं आलेलें आजाऱ्याचें बोलावणें, हीं मला कामांतलीं विघ्नें वाटत. माझा चेहरा त्या वेळीं कसा असेल तें माझ्या लोकांना ठाऊक आहे. ह्या संताचें चरित्र पुन्हां वाचतांना उमगलें, कीं त्या वह्या आणि तें छप्पर हेंच माझें हिंदुस्थान होतें, आणि मी त्याच्या किनाऱ्यावर उभा राहून जहाजाची वाट पाहत होतों.

आपल्यांतहि अनेकांची अशी एखादी राहून गेलेली इच्छा असेल. कोणाला शिकावयाचें होतें आणि घरच्या शेतीनें धरून ठेवलें. कोणी परदेशीं जाणार होती आणि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या सेवेंत वर्षें गेलीं. देवळाचें अंगण झाडणारे, गायनमंडळाला सूर देणारे, मुलांना धर्मशिक्षण देणारे, मयताच्या घरीं न बोलावतां धांवून जाणारे, ह्यांचीं नांवें ह्या पुस्तिकेंत छापली गेलीं नसतील. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे, कीं देवानें हें काम तुम्हांला दुसरें कांहीं न मिळाल्यामुळें दिलें असें समजूं नका. तें मनापासून आपलें म्हणा, आपला मोठेपणा थोडा बाजूला ठेवा, समोरच्या माणसाकडे प्रीतीनें पहा. मग कांहीं दिवसांनीं आपल्याच चेहऱ्यावरचा फरक घरच्या माणसांना दिसूं लागेल.

ज्युबिलीचा मांडव लवकरच सुटेल. त्यानंतरच्या पहिल्या सकाळीं, आपापल्या कामाला जातांना, संत फिलिप यांच्या मध्यस्थीनें प्रभु येशु आपणां सर्वांना तो न सरणारा आनंद देवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना. आमेन.